ईराची बीसीजी : 'निवडक' यादीतल्या लसीसाठी चौदा आठवडे

१० फेब्रुवारी २०२६ ला माझ्या मुलीचे, ईराचे शाळेआधीचे डोस झाले आणि तिच्या रेड बुकातलं (बाळाच्या आरोग्याच्या नोंदींची लाल पुठ्ठ्याची वही) लसींचं पान जवळजवळ भरलं. तीन वर्षं चार महिने लागले त्याला. त्यातले पहिले तीन महिने मी एकाच लसीच्या, टीबीच्या बीसीजीच्या मागे होते. इंग्लंडमध्ये बाळंतपण असलेल्या मराठी मुली मला याबद्दल फोन करून विचारतात, आणि प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांत सांगताना काहीतरी राहून जातं. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. माझी आई मात्र सांगली जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात तीस वर्षं आरोग्यसेविका होती. बाळंतपणासाठी ती इथे आली होती. ती नसती तर ईराची एक लस राहिली हे मला कळलंही नसतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच होतो. इथल्या लसीकरणाच्या वेळापत्रकाचे दोन भाग आहेत. पहिला नियमित लसींचा. त्या प्रत्येक बाळाला मिळतात आणि वेळ झाली की पत्र आपोआप घरी येतं. दुसरा भाग निवडक लसींचा. त्या ज्या बाळांना धोका जास्त त्यांनाच देतात. टीबीची बीसीजी इथे या दुसऱ्या भागात आहे. बाळ टीबीचं प्रमाण जास्त असलेल्या भागात राहत असेल, किंवा त्याच्या आईवडिलांपैकी अथवा आजीआजोबांपैकी कुणी एक जरी टीबी जास्त असलेल्या देशात जन्मलेलं असेल, तर ते बाळ पात्र ठरतं. जास्त म्हणजे वर्षाला लाखामागे ४० किंवा त्याहून अधिक रुग्ण. भारतातलं प्रमाण याच्या कितीतरी पुढे आहे. म्हणजे आपल्या घरातलं जवळपास प्रत्येक बाळ या यादीत बसतं. पण यादीत बसणं वेगळं आणि यादीत नाव लागणं वेगळं.

मार्च २०२२ मध्ये मिडवाइफकडे (बाळंतपण बघणाऱ्या नर्सकडे) पहिली नोंदणी झाली. तासभर प्रश्न चालले होते. रक्त घेतलं, त्यात एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी (कावीळ बी) या तिन्ही तपासण्या होत्या. मग एक फॉर्म आला, त्यात माझं आणि नवऱ्याचं घराणं मूळ कुठलं ते विचारलं होतं. आम्ही दोघांनी भारत असं लिहिलं. तो फॉर्म थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या तपासणीसाठी असतो. मला वाटलं, एकदा सांगितलं म्हणजे ते सगळ्यांना कळलं. ती माहिती बीसीजीसाठी कुणी वापरणार नव्हतं. बीसीजीचा रकाना बाळंतपणाच्या कागदांत वेगळाच असतो आणि माझ्या कागदांत तो कोराच राहिला. हे मला ऑक्टोबरात कळलं.

जूनमध्ये डांग्या खोकल्याचं इंजेक्शन घेतलं. ते सोळाव्या आठवड्यापासून देतात, म्हणजे आईची प्रतिकारशक्ती बाळ जन्मतानाच सोबत घेऊन येतं. ऑगस्टमध्ये बातमी आली की लंडनच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला आणि लंडनमधल्या एक ते नऊ वर्षांच्या मुलांना जादा डोस देणार. आम्ही लंडनच्या बाहेर, तासाभराच्या अंतरावर राहतो, त्यामुळे आमच्या भागात ती मोहीम नव्हती. पत्त्यावरून लस ठरते हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात नवल काय? जपानी मेंदूज्वराची लस विदर्भातल्या काही जिल्ह्यांत नेहमीच्या डोसात आहे. आपल्याकडे सांगलीला मी नोकरीत असेपर्यंत एकदाही दिली नाही." माझी नणंद भंडाऱ्याला असते. तिच्या मुलाच्या कार्डावर ती लस आहे, माझ्या सांगलीच्या भाच्याच्या कार्डावर नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ६ ऑक्टोबर २०२२ ला ईरा जन्मली. ७ तारखेला संध्याकाळी आम्ही घरी आलो. आईने डिस्चार्जचे कागद मागितले. इंग्रजी फारसं येत नसलं तरी लसींची नावं तिला कुठल्याही भाषेत ओळखू येतात. तिने दोनदा कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, "बीसीजी कुठंय? झिरो पोलिओ? कावीळ बी?"

तिन्ही नव्हत्या. बाळाला फक्त के जीवनसत्त्व दिलं होतं. तीस वर्षं आईने घरोघरी सांगितलं होतं, कावीळ बीचा पहिला डोस चोवीस तासांच्या आत, बीसीजी आणि झिरो पोलिओ (जन्मल्यावरचे पोलिओचे थेंब) दवाखान्यातून निघण्याआधी. आणि तिची स्वतःची नात काहीच न घेता घरी आली होती. ती रात्रभर झोपली नाही. मी तिला समजावू शकले नाही, कारण मलाही काही माहीत नव्हतं.

पुढच्या काही दिवसांत एकेक उत्तर मिळत गेलं. कावीळ बीचा जन्मडोस इथे निवडक आहे. आईच्या रक्तात तो आजार सापडला तरच बाळाला जन्मल्याबरोबर डोस देतात आणि महिन्याने दुसरा. माझी तपासणी चांगली होती, म्हणून ईराला आठव्या आठवड्यापासून नेहमीच्या सहा-एकत्र (सहा आजारांवरच्या एकाच) लसीतूनच ती मिळणार होती. (या एकत्र लसीत कावीळ बी सगळ्या बाळांसाठी २०१७ पासून आली.) पोलिओचे थेंब तर इथे २००४ पासून बंदच आहेत, सगळं इंजेक्शनातून. आईला हे पटलं. भारतात प्रत्येक गरोदर बाईची तपासणी होऊन तिचा रिपोर्ट बाळंतपणाच्या खोलीपर्यंत पोचेलच असं धरता येत नाही, म्हणून सरसकट देणं बरोबर, असं ती म्हणाली. इथे रिपोर्ट पोचतो, म्हणून निवडून देता येतं.

बीसीजीचं मात्र तसं नव्हतं. ती मिळायलाच हवी होती.

११ तारखेला जन्मजात आजारांच्या तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायला मिडवाइफ घरी आली. तिला विचारलं तर म्हणाली, बीसीजी आता २८ दिवसांनंतरच देतात. कारण पुढे वाचलं, ते सांगते. बीसीजी ही जिवंत लस आहे. काही फार थोड्या बाळांना जन्मतःच प्रतिकारशक्ती नसते, आणि अशा बाळाला जिवंत लस धोक्याची ठरू शकते. सप्टेंबर २०२१ पासून इंग्लंडच्या काही भागांत टाचेच्या रक्तातून या आजाराचीही तपासणी सुरू झाली, आणि तिचा निकाल हातात यावा म्हणून बीसीजी सगळीकडेच २८ दिवसांनंतर ढकलली. हे कारण ऐकल्यावर आईचा राग बराच कमी झाला.

१८ ऑक्टोबरला हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी येऊन बाळाला बघणारी नर्स, आली. बाळाचं वजन, स्तनपान, माझी झोप, सगळं तिने मनापासून विचारलं, लाल पुठ्ठ्याची वही दिली. बीसीजीचं मी स्वतः काढलं. आमचे चौघेही आईवडील भारतात जन्मलेले, असं सांगितलं. "मग तुमचं बाळ पात्रच आहे, मी नाव पाठवते, पत्र येईल," ती म्हणाली. दिवाळी झाली. ३ नोव्हेंबरला २८ दिवस भरले. पत्र आलं नाही.

मी आणखी दहा दिवस थांबले, ते थांबायला नको होतं. १४ नोव्हेंबरला जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, फोन केला. चाळीस मिनिटं रांगेत थांबल्यावर कळलं की आमच्या जीपीकडे बीसीजी देतच नाहीत, हेल्थ व्हिजिटरला विचारा. हेल्थ व्हिजिटर रजेवर होती. तिच्या जागी आलेल्या बाईंनी सांगितलं की हे काम आमच्याकडे नाही, रुग्णालयाला विचारा. रुग्णालय म्हणालं, तुम्हाला घरी सोडून महिना झाला. प्रत्येक ठिकाणचा माणूस नम्रपणे बोलत होता आणि प्रत्येक जण पुढचं दार दाखवत होता. रात्री बाळाला पाजताना मी फोनमध्ये नंबर शोधत बसायचे आणि डोळे भरून यायचे. आपण या देशात उपरे आहोत, म्हणूनच आपलं काम कुणाचंच नाही, असं तेव्हा वाटायचं. आज तसं वाटत नाही. नियमित लसीला मालक असतो. निवडक लस दोन-तीन खात्यांच्या मधल्या फटीत पडते, आणि हे त्यात सापडलेल्या कुणाच्याही बाबतीत होतं.

२१ नोव्हेंबरला एका मैत्रिणीने सांगितलं की मुलांच्या लसींच्या नोंदी ठेवणारं एक वेगळं कार्यालय असतं, चाइल्ड हेल्थ म्हणून. आठव्या आठवड्याचं पत्रही तिथूनच येतं. त्यांना फोन केला. पलीकडच्या बाईंनी ईराचा एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) नंबर घेतला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हिच्या नावापुढे बीसीजीची खूणच नाही. कुणी पाठवलंच नाही." पण त्यांनी फोन ठेवला नाही. माझ्याकडून आम्हा दोघांचे आणि चारही आजीआजोबांचे जन्मदेश विचारून घेतले, लसीकरणाच्या पथकाला त्याच दिवशी ईमेल केला आणि त्याची प्रत मलाही पाठवली. ती प्रत पुढे फार उपयोगी पडली. म्हणून सांगते : फोनवर कुणी काही करतो म्हणालं, तर लेखी प्रत मागा, आणि तारीख व वेळ वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पथकाचा फोन आला. त्यांना टाचेच्या रक्ताच्या निकालाचं पत्र हवं होतं. ते घरात होतं, पण पाळण्याच्या पावतीखाली. आमच्या भागात त्या प्रतिकारशक्तीच्या आजाराची तपासणी होत नव्हती आणि पत्रात तसं स्पष्ट लिहिलं होतं. एवढं चालतं. पत्र मात्र जपून ठेवा, त्याच्याशिवाय लस देत नाहीत.

याच दिवसांत सासरहून एक सल्ला आला : एवढा त्रास कशाला, बाळाला घेऊन भारतात या, इथे सरकारी दवाखान्यात फुकट मिळेल. मोह झाला. आईनेही विचार केला. पण पथकातल्या नर्सने एक नियम सांगितला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. बीसीजी न घेतलेलं बाळ टीबी जास्त असलेल्या देशात तीन महिन्यांपेक्षा जास्त राहून आलं, तर परत आल्यावर आधी त्वचेवरची चाचणी करावी लागते, आणि मगच लस. शिवाय बीसीजीचा सगळ्यात मोठा उपयोग तान्ह्या बाळांना होतो. मोठेपणीच्या फुप्फुसाच्या टीबीपासून ती पूर्ण वाचवत नाही, पण बाळाच्या मेंदूच्या आवरणाला होणारा टीबी आणि अंगभर पसरणारा टीबी यांपासून ती चांगलं संरक्षण देते. आईने उपकेंद्रात असताना असं एक मूल पाहिलं आहे. त्याबद्दल ती फार बोलत नाही.

मधेच १ डिसेंबरला आठ आठवड्यांचे नियमित डोस झाले. त्याचं पत्र बरोबर वेळेवर आलं होतं. दोन मांड्यांत दोन इंजेक्शनं, सहा-एकत्र आणि मेंदूज्वराची मेनबी, आणि तोंडातून रोटाव्हायरसची, जुलाबाविरुद्धची लस. मेनबीने ताप येतोच म्हणतात, म्हणून ही लस असलेल्या भेटीत लहान बाळाचं पॅरासिटामॉल तापाची वाट न पाहता सुरू करायला सांगतात : २.५ मिलीचा पहिला डोस लगेच, मग चार ते सहा तासांच्या अंतराने आणखी दोन. बाटली तीन पौंडांना मिळाली. आदल्या दिवशीच आणून ठेवा. आईला हे वेगळं वाटलं, तिच्या सवयीत आधी ताप, मग औषध. बारा आठवड्यांच्या भेटीत मेनबी नव्हती, तेव्हा पॅरासिटामॉल लागलं नाही. (जुलै २०२५ पासून मेनबीचा दुसरा डोस सोळाव्याऐवजी बाराव्या आठवड्याला आला आहे, तेव्हा आता बाळ असेल तर नव्या पत्राप्रमाणे चाला.)

१२ डिसेंबरला बीसीजीचं पत्र आलं : मंगळवार, १० जानेवारी २०२३, सकाळी १०.२०. अजून महिना बाकी होता. मी फोन करून आधीची तारीख मागितली, तर त्यांचं केंद्र दोन आठवड्यांनी एकदाच भरतं असं कळलं, आणि मधे नाताळ. मी चिडून आईला सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "किती बाळं बोलावलीत?" मला माहीत नव्हतं. "दहा-बारा असतील बघ. अगं, बीसीजीची वायल एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. एकट्या पोरासाठी मी कधी फोडली नाही. बाळं गोळा व्हायची वाट बघायचे, आणि आया माझ्यावर चिडायच्या. तुझ्यासारख्याच."

१० जानेवारीला पाऊस होता. गाडी उभी करायचे ४ पौंड ८० पेन्स. केंद्र एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं आणि खोलीत खरोखरच अकरा बाळं होती. नेपाळी होती, नायजेरियन होती, पाकिस्तानी होती, आणि एका इंग्रज मुलीच्या मांडीवर एक गोरंपान बाळ होतं. त्याची आजी फिलिपिन्सची, असं तिने सांगितलं. सगळ्यांना विचारलं तर निम्म्यांपेक्षा जास्त जण माझ्यासारखे फोन करकरून आले होते.

आत नर्सने प्रश्न विचारले. माझी एचआयव्ही तपासणी झाली होती का, गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध घेतलं का, घरात कुणाला टीबी, घरात कुणाला प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार, टाचेच्या रक्ताचं पत्र. मग तिने ईराचा डावा दंड उघडा केला. मी बाळाला धरलं होतं आणि आई माझ्या खांद्यामागून बघत होती. नर्सने डाव्या हाताने दंडाची कातडी दोन बोटांत ताणली, अगदी छोटी सुई जवळजवळ आडवी धरली, सुईचं तोंड वर. टोक कातडीच्या पापुद्र्याखाली दिसत राहील इतकंच आत. हळूहळू दाबलं आणि ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा फुगा वर आला. आईच्या तोंडून "आला" असा शब्द आपोआप निघाला.

नर्सने वर पाहिलं. मी सांगितलं की माझी आई तीस वर्षं हेच करत होती. नर्सच्या चेहऱ्यावरचा थकवा गेला. "मग तुम्ही सांगा, बरोबर झालं?" तिने आईलाच विचारलं. आईने मान डोलावली आणि अंगठ्याने खूण केली. नर्सने बाही वर करून स्वतःच्या दंडावरचा जुना व्रण दाखवला. तिला तेरा वर्षांची असताना शाळेत मिळाली होती. ब्रिटनमध्ये १९५३ पासून शाळकरी मुलांना सरसकट बीसीजी देत असत. टीबी कमी झाल्यावर २००५ मध्ये ते थांबवलं आणि निवडक केलं. एके काळी तिथेही ती नियमितच होती, हे आईला फार महत्त्वाचं वाटलं. जेवताना तिने ते मला पुन्हा सांगितलं.

निघताना मिळालेल्या सूचना : त्या दंडात तीन महिने दुसरं कुठलंही इंजेक्शन द्यायचं नाही. बाळाचे बाकीचे डोस मांडीत असतात, त्यामुळे अडचण येत नाही, पण प्रत्येक भेटीत सांगायचं. दोन ते सहा आठवड्यांत तिथे पुटकुळी येईल, फुटेल, खपली धरेल. दाबायची नाही, मलम लावायचं नाही, पट्टी चिकटवायची नाही. अंघोळ चालते. आई १७ तारखेला, संक्रांत करून, परत गेली. ३ फेब्रुवारीला पुटकुळी लाल होऊन वर आली, मार्चमध्ये पाणी सुटलं. मी रोज व्हिडिओ कॉलवर दंड दाखवायचे. "येऊ दे, लस लागली," एवढंच ती म्हणायची.

जुलैत ईरा नऊ महिन्यांची झाली आणि आईचा फोन आला : गोवर कधी? भारतात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, इथे एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) बाळ वर्षाचं झाल्यावर. भारतात गोवर जास्त फिरतो, म्हणून लवकर. इथे थोडं थांबून दिली की लस जास्त चांगली लागते, असं जीपीच्या नर्सने समजावलं. पण सहा महिन्यांवरच्या बाळाला घेऊन भारतात जाणार असाल तर आधी एक डोस मागता येतो. तो जादा धरतात, वर्षाचा डोस तरीही घ्यावा लागतो. आम्ही जाणार नव्हतो, म्हणून थांबलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये वर्षाची चार इंजेक्शनं एकाच दिवशी झाली. तो दिवस सगळ्यात अवघड गेला. दोघं असाल तर दोघंही जा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतात जायचं ठरलं आणि निवडक लसींचा दुसरा प्रकार समोर आला, प्रवासाचा. जीपीकडे सहा आठवडे आधी फॉर्म भरून द्यावा लागतो. कावीळ ए आणि टायफॉइड या दोन्ही प्रवासासाठी एनएचएसवर फुकट आहेत. ईराला कावीळ ए मिळाली, पण इथली टायफॉइडची लस साधारण दोन वर्षांच्या पुढे देतात आणि ती सोळा महिन्यांची होती. रेबीजची लस खाजगी, तीन डोस, आम्हाला सांगितलेला भाव डोसाला ७० पौंडांच्या वर. आम्ही ती घेतली नाही. कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी पंधरा मिनिटं साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे मात्र घरातल्या सगळ्यांकडून वदवून घेतलं.

सांगलीला पोचल्यावर बालरोगतज्ज्ञांनी टायफॉइडची नव्या प्रकारची लस दिली, ती सहा महिन्यांपासून चालते. साधारण २,००० रुपये लागले. आपल्याकडे ही लस बालरोगतज्ज्ञांच्या वेळापत्रकात आहे, सरकारी कार्डावर नाही. म्हणजे पैसे असतील त्याच्या बाळाला. आई नोकरीत असताना आयाबाया तिला याबद्दल विचारायच्या आणि तिच्याकडे उत्तर नसायचं. लस कुणाला द्यायची हे आजाराच्या धोक्यावरून ठरणं मला पटतं. पाकिटावरून ठरणं पटत नाही, मग ते सांगलीत असो की इंग्लंडमध्ये.

३ मार्चचा रविवार पल्स पोलिओचा होता. चौकातल्या बूथवर आईच्या ओळखीच्या आशाताई बसल्या होत्या. इंग्लंडमध्ये इंजेक्शनातून डोस झालेत, थेंब चालतील का, असं मी विचारलं. "पाचाच्या आतलं पोरगं दिसलं की थेंब," त्या म्हणाल्या. इंजेक्शन रक्तात संरक्षण देतं, थेंब आतड्यातही, दोन्ही चालतात. ईराच्या डाव्या करंगळीवर जांभळी खूण झाली. परत आल्यावर दोन्ही नोंदी, तारीख आणि लसीचं नाव इंग्रजीत लिहून, जीपीच्या नर्सकडून संगणकावर चढवून घेतल्या. हे नक्की करा. भारतातली लस इथे कुणाला दिसत नाही.

कांजिण्यांचं आमचं चुकलं. ती लस तेव्हा इथे फक्त निवडक होती, म्हणजे घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर. बाकीच्यांनी औषधाच्या दुकानात विकत घ्यायची, आमच्याकडे दोन डोसांचे १४० पौंड. घेऊ, पुढच्या महिन्यात घेऊ, असं करत राहिलो आणि मार्च २०२५ मध्ये नर्सरीतून ईरा कांजिण्या घेऊन आली. चार रात्री ती रडली, खाजवून कपाळावर एक खड्डा कायमचा राहिला. कांजिण्यांत आयब्युप्रोफेन देऊ नये, पॅरासिटामॉलच द्यावं, हे आम्हाला फोनवरच्या नर्सने सांगितलं. आई कडुनिंबाचा पाला म्हणत होती, तो इथे कुठून आणणार.

जानेवारी २०२६ पासून कांजिण्यांची लस इथे नियमित झाली, एमएमआरमध्येच घातली. त्यामुळे १० फेब्रुवारीला ईराला दोन इंजेक्शनं मिळाली : एक चार-एकत्र, दुसरी ही नवी. कांजिण्या होऊन गेल्या असल्या तरी घ्यायला हरकत नाही, असं नर्स म्हणाली. पत्र आपोआप आलं होतं. एकही फोन करावा लागला नाही.

आता दर हिवाळ्यात फ्लूचा नाकातला फवारा, आणि पुढचं इंजेक्शन बारा-तेराव्या वर्षी शाळेत, एचपीव्हीचं (गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणारं). रेड बुकाच्या त्या पानावर बीसीजीची ओळ छापलेली नव्हती. ती त्या नर्सने खाली रिकाम्या जागेत पेनाने लिहिली आहे, बॅच नंबरसकट, आणि शेजारी डावा दंड असं लिहून. तुम्ही गरोदर असाल तर पहिल्याच नोंदणीत बीसीजीचा रकाना दाखवायला सांगा, चारही आजीआजोबांचे जन्मदेश सांगा आणि तिथे खूण होताना स्वतः बघा. २८ दिवस भरल्यावर आठवड्यात पत्र आलं नाही, तर सरळ चाइल्ड हेल्थला फोन करा.